साडेतीन वर्षांच्या नातीसाठी व्हिडिओ गेम निवडताना : साखळी (गोवा) येथील कामाच्या नोंदी

८ जून २०२५

कामाचे स्वरूप आधी लिहून ठेवतो. नात साडेतीन वर्षांची आहे. लेक आणि जावई दोघेही पणजीला नोकरीस जातात, त्यामुळे बालवाडी सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत ती साखळीला आमच्याकडेच असते. पाऊस सुरू झाला की अंगण बंद होते आणि मोबाइलवरील व्हिडिओंची मागणी सुरू होते. एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा आपोआप हजर होत असल्याने फोन परत घेताना रोज रडारड ठरलेली असते. पडद्यासमोर बसायचेच असेल तर नुसते पाहत बसण्याऐवजी हाताने काही करावे लागेल असा खेळ असावा, असे लेकीचे म्हणणे पडले, आणि घरातला निवृत्त माणूस या नात्याने तो शोधण्याचे काम माझ्याकडे आले. वीज खात्याच्या उपकेंद्रात नोकरीभर लॉगबुक लिहिल्यामुळे हेही काम तसेच नोंदवतो आहे. कोणाला हाच उद्योग करायचा झाल्यास त्यांचा वेळ वाचावा.

वेळेची मर्यादा खेळ शोधण्याआधीच ठरवली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात एक तासापेक्षा अधिक काळ पडद्यासमोर बसू नये, आणि त्याहून कमी बसल्यास अधिक चांगले. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही दोन ते पाच वर्षांसाठी तासाभराचीच मर्यादा सांगितली आहे, तीही मोठ्यांच्या देखरेखीखाली. आम्ही त्याच्या निम्मा वेळ धरला : दुपारची झोप झाल्यावर अर्धा तास, बाहेरच्या खोलीत, शेजारी मोठे माणूस बसलेले. जेवताना नाही, झोपण्यापूर्वी नाही.

साधने : जावयाचा जुना आठ इंची अँड्रॉइड टॅबलेट आणि माझा जुना लॅपटॉप. नवीन काही घ्यायचे नाही.

१० जून

निवडीची सुरुवात वयाच्या शिक्क्यावरून करायची असे ठरवले होते, परंतु तो शिक्का वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. प्ले स्टोअरवर खेळाच्या नावाखाली ‘३+’ लिहिलेले असते. खेळ बनवणाऱ्याने एक प्रश्नावली भरून द्यायची आणि तिच्या उत्तरांवरून हा आकडा ठरायचा, अशी ती पद्धत आहे. हिंसा, भीतिदायक दृश्ये, शिवीगाळ, जुगार यांपैकी काही आहे का, एवढेच त्यात पाहिले जाते; तीन वर्षांच्या मुलाला तो खेळ जमेल की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणूनच बुद्धिबळालाही ३+ मिळते आणि सुडोकूलाही. युरोपात २००३ पासून चालू असलेल्या पेगी या वयाच्या शिक्क्यांच्या पद्धतीतील ३, ७, १२, १६, १८ या पायऱ्यांचेही तसेच आहे. अमेरिकेतील ईएसआरबी या असेच शिक्के देणाऱ्या संस्थेकडे पूर्वी खास लहानग्यांसाठी ‘अर्ली चाइल्डहूड’ असा वेगळा वर्ग होता, तो २०१८ मध्ये बंद झाला आणि ते खेळ ‘सर्वांसाठी’ या मोठ्या वर्गात मिसळले.

शिक्क्याशेजारी बारीक अक्षरांत दोन ओळी असतात, ‘जाहिराती आहेत’ आणि ‘अ‍ॅपमधून खरेदी’. माझ्या मते निवडीसाठी त्या ओळी ३+ पेक्षा जास्त कामाच्या आहेत. पहिली गाळणी तीच लावायची असे ठरवले, पण त्याआधी जाहिरातींचा त्रास प्रत्यक्ष किती होतो ते पाहावे, असा जावयाचा आग्रह पडला. ‘फुकट आहेत, काढून टाकता येतील,’ हे त्यांचे म्हणणे.

१४ जून

फुकटचे, जाहिराती असलेले काही खेळ टॅबलेटवर घेतले : फुगे फोडणे, फळे कापणे, गायीगुरांचे आवाज ओळखणे. नावे लिहीत नाही, कारण सगळे थोड्याफार फरकाने एकाच मुशीतले आहेत.

फुगे फुटत असतात, मूल रंगात आलेले असते, आणि मध्येच संपूर्ण पडदा भरून दुसऱ्याच खेळाची जाहिरात येते. ती बंद करण्याची फुली काही सेकंदांनी उगवते, एका कोपऱ्यात, मोठ्यांच्याही बोटाखाली धड न येणारी. फुगा फोडण्याच्या ओघात मुलीचे बोट पडद्याच्या मध्यावर पडते आणि ती थेट प्ले स्टोअरमध्ये जाऊन पोहोचते. तिच्या दृष्टीने खेळ मोडला. ती टॅबलेट माझ्यापुढे धरून “आजो, कर” म्हणते, मी परत आणून देतो, आणि थोड्याच वेळात पुन्हा तेच. अर्ध्या तासातला बराचसा वेळ टॅबलेट या हातातून त्या हातात जाण्यात गेला. मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात मनाईची तरतूद आहे. तरीही जाहिरात कोणाला लक्ष्य करून लावली आहे हे घरबसल्या कळण्याचा मार्ग नाही, म्हणून कायद्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

इंटरनेट बंद करून पाहिले. काही खेळांतील जाहिराती नाहीशा झाल्या, तर काही खेळ ‘जोडणी तपासा’ असे सांगून सुरूच होईनात. पावसाळ्यात साखळीत वीज गेली की वायफायही जाते, तेव्हा विमान मोडमध्ये न चालणारा खेळ तसाही आपल्या कामाचा नाही. ही दुसरी गाळणी ठरली, आणि ती लावायला दोन मिनिटे पुरतात.

कुलपांचा त्रास मात्र इंटरनेट बंद केल्यानेही गेला नाही. दहा प्राण्यांपैकी तीन मोकळे आणि उरलेल्या सातांवर पिवळे कुलूप, अशी मांडणी. तीन वर्षांच्या मुलीला कुलपाचा अर्थ पैसे असा कळत नाही; ते उघडायचे असते एवढेच कळते, आणि ती तीन प्राणी सोडून त्या सातांवरच बोट मारत बसते.

जाहिरातींचा प्रयोग इथेच थांबवला. जावयांना दुपारी स्वतः शेजारी बसवले होते, त्यामुळे वाद झाला नाही.

१५ जून

पैशांचा बंदोबस्त. टॅबलेटवरील खात्यातून कार्ड आणि यूपीआय दोन्ही काढून टाकले. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारण्याचा पर्याय आहे, तो चालू केला. ‘दर तीस मिनिटांनी’ हा पर्याय निवडू नये. अमेरिकेत अ‍ॅपलला २०१४ साली ग्राहकांना किमान सव्वातीन कोटी डॉलर परत करावे लागले ते याच खिडकीमुळे : पालकाने एकदा पासवर्ड दिला की पुढची पंधरा मिनिटे मूल कितीही खरेदी करू शकत असे. गूगलच्या बाबतीत ती खिडकी तीस मिनिटांची होती आणि त्यांनाही त्याच वर्षी पैसे परत करावे लागले.

अ‍ॅप पिन करण्याची सोयही चालू केली. ती सुरक्षा विभागात असते. खेळ एकदा पिन केला की पिन क्रमांक दिल्याशिवाय त्यातून बाहेर पडता येत नाही, त्यामुळे चुकून बोट लागून फोटो पुसले जाणे, कोणालातरी फोन लागणे हे प्रकार थांबले. आयपॅडवर यालाच गाइडेड अ‍ॅक्सेस म्हणतात.

खर्च : जाड रबरी कव्हर ६५० रुपये, पडद्यावरील काच २५० रुपये.

२१ जून

या आठवड्यात खेळ बाजूला ठेवून फक्त हात पाहिला, आणि त्याची नोंद सविस्तर करतो, कारण खेळाच्या वर्णनात ही माहिती कोठेही मिळत नाही.

टॅबलेट मांडीवर असला की ती तो डाव्या हाताने घट्ट धरते आणि अंगठा पडद्यावर टेकलेला राहतो. बऱ्याच खेळांना हा अंगठा म्हणजेच पहिला स्पर्श वाटतो आणि उजव्या हाताचे बोट ते ओळखतच नाहीत. मुलीला वाटते आपण दाबतो आहोत आणि काही होत नाही, मग ती अधिक जोराने दाबते. जाड कव्हरच्या काठामुळे अंगठा बराचसा बाहेर राहू लागला. टॅबलेट पाटावर सपाट ठेवल्यावर प्रश्न पूर्ण सुटला. मात्र चांगल्या बनवलेल्या खेळांना हा त्रास पाट नसतानाही झाला नाही, कारण ते एका वेळी अनेक बोटे ओळखतात. खेळ निवडताना आपण स्वतः डाव्या हाताचा अंगठा पडद्यावर टेकवून ठेवावा आणि उजव्या हाताने खेळून पाहावे. परीक्षा लगेच होते.

टिचकी मारणे तिला सहज जमते. बोट घासत नेणेही जमते. एखादी वस्तू बोटाखाली धरून, बोट न उचलता, पडद्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन सोडणे अवघड जाते. अर्ध्या वाटेत बोट सुटते. तसे झाल्यावर खेळ काय करतो यावर सगळे अवलंबून आहे. काही खेळांत ती वस्तू उडी मारून मूळ जागी परत जाते आणि ‘टुर्र’ असा आवाज येतो, म्हणजे मुलीने पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची. काहींत ती जिथे सुटली तिथेच पडून राहते आणि तिथून पुढे ढकलता येते. दुसऱ्या प्रकारचे खेळ ठेवले, पहिल्या प्रकारचे काढले. लागोपाठ दोन टिचक्या मागणारे आणि टॅबलेट तिरका करायला लावणारेही काढले.

लिहिलेल्या सूचना असलेला खेळ अर्थातच बाद. बोललेल्या सूचनांचे जरा वेगळे आहे. आमच्या घरात मराठी, शेजारी आणि बालवाडीत कोकणी, आणि टॅबलेटमधून अमेरिकी इंग्रजी. बाई प्रेमळ आवाजात काहीतरी विचारतात, नात आजीकडे पाहते आणि आजी अंदाजाने भाषांतर करते. दोन-चार शब्दांसाठी हे चालते. संपूर्ण खेळच सूचनेवर उभा असेल तर मूल खेळत नाही, आजी खेळते.

२४ जून

सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा पावसाळी सण, असल्यामुळे आज काम नाही. शेजारच्या मुलांबरोबर फुलांची कोपेल डोक्यावर घालून ती भिजत फिरली आणि टॅबलेटची आठवणही काढली नाही.

२९ जून

गाळण्यांतून जे उरले त्यातले तीन खेळ नीट पाहिले.

खान अकादमी किड्स : दोन ते आठ वर्षांसाठी, पूर्ण मोफत, जाहिराती नाहीत, विकत घेण्यासारखे काही नाही. कोडी नावाचे अस्वल आणि त्याचे मित्र. अक्षरे, आकडे, आकार, गोष्टींची पुस्तके असा भरपूर साठा आहे. उणीव दोन प्रकारची वाटली. भाषा इंग्रजी, हे वर आलेच. दुसरे असे की मुख्य पडद्यावरील मोठे बटण दाबले की एक कृती संपते तोच दुसरी आपोआप पुढे येते, आणि हा रस्ता संपत नाही. उपाय त्याच्यातच आहे : ते बटण न दाबता संग्रहात जावे, पुस्तक किंवा कोडे आपण निवडून द्यावे आणि ते झाले की बाहेर यावे.

सागो मिनी : कॅनडातील टोरोंटोची मंडळी, दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठीच खेळ करतात. त्यांतला एक असा की आपण एक प्राणी व्हायचे, घरोघर फिरायचे, दार ठोठवायचे, आत जाऊन मित्राबरोबर काहीतरी करायचे आणि परत रस्त्यावर यायचे. एकही शब्द नाही. चूक होण्याची सोयच नाही. दार ठोठावण्याचे तिला इतके वेड लागले की दिवसभर आमच्या स्वयंपाकघराचे दार वाजत होते.

टोका किचन २ : स्वीडनमधील टोका बोका या कंपनीचा. जिन्नस घ्या, कापा, शिजवा, समोर बसलेल्याला वाढा. गुण नाहीत, वेळ नाही, पाककृतीही नाही. तिखट किंवा कच्चे वाढले की खाणारा तोंड वाकडे करतो, यातच तिची सगळी करमणूक. आजीने पहिल्याच दिवशी मत दिले की मुलीला हे नीट शिकवत नाही, कोणी लिंबू असे तळते का? पण खाणाऱ्याचे तोंड पाहून तीही हसत होती.

हे दोन्ही खेळ मुळात वेगळ्या कंपन्यांचे असले तरी २०१६ पासून एकाच कॅनेडियन खेळणी कंपनीच्या, स्पिन मास्टरच्या, मालकीचे आहेत. त्यांच्या काही नव्या अ‍ॅपना मासिक वर्गणी लागते. ती न भरता मिळणारे तेवढेच घेतले.

१३ जुलै

आता मूळ दुखण्याकडे, म्हणजे खेळ थांबवण्याकडे आलो.

पहिला प्रयत्न गजराचा होता. अर्धा तास झाला की फोन वाजेल, मग बंद. गजर नेमका दार ठोठावल्यावर आणि आत जाण्याआधी वाजायचा, आणि रडारड व्हिडिओच्या वेळेसारखीच. टॅबलेटमध्येच वेळमर्यादा घालून पाहिली. वेळ संपताच पडदा काळा होतो, आणि ते तर त्याहून वाईट, कारण तिथे रागावण्यासाठी आजोबाही उरत नाही. तिने टॅबलेट उलटा करून आपटला. कव्हरचे ६५० रुपये त्या दिवशी वसूल झाले.

नंतर वेळेकडे न पाहता तिच्याकडे पाहू लागलो. टोका किचनमध्ये ताट रिकामे झाले की ती क्षणभर थांबते आणि माझ्याकडे बघते. सागो मिनीत एका घरातून बाहेर आल्यावर, दुसऱ्या दारापर्यंत पोहोचण्याआधी, तसाच एक थांबा येतो. त्या क्षणी “आता हे शेवटचे ताट, मग आजीकडे चहाला” असे म्हटले तर ती एक ताट आणखी वाढते आणि टॅबलेट देऊन टाकते. प्रत्येक वेळी नाही, पण बहुतेक वेळा. फुगे फोडण्याच्या खेळात असा थांबा येतच नव्हता, कारण शेवटचा फुगा फुटण्याच्या आत नवे फुगे खालून वर येत राहतात. व्हिडिओंची रचनाही तीच. म्हणजे मुलगी हट्टी नव्हती. तिला थांबायला जागाच दिलेली नव्हती.

तेव्हापासून कोणताही खेळ मी आधी तो कुठे संपतो हे पाहून तपासतो. मूल स्वतः ‘झाले’ म्हणू शकेल अशी जागा त्यात किती वेळाने येते, आणि ती आल्यावर खेळ गप्प बसतो की लगेच पुढचे ताट मांडतो? रोज आल्याबद्दल बक्षीस देणारे, ‘उद्या ये, तारा मिळेल’ म्हणणारे, बाहेर पडताना रडणारा चेहरा दाखवणारे खेळ याच कसोटीवर काढून टाकले. त्यांतले काही दिसायला फार सुंदर होते आणि त्यांत जाहिरातही नव्हती.

या नियमामुळे अर्धा तास कधी वीस मिनिटांवर आला तर कधी चाळीसवर गेला. लेकीला ते पटले नाही. तिच्या मते मर्यादा म्हणजे मर्यादा. तोडगा असा निघाला की पंचविसाव्या मिनिटापासून पुढचा पहिला थांबा हाच शेवट.

२० जुलै

पाऊस, वीज नाही, टॅबलेटची बॅटरी संपली. लॅपटॉपवर जीकॉम्प्री टाकले. २००० साली फ्रान्समध्ये सुरू झालेला हा मोफत संच आता केडीई या मुक्त सॉफ्टवेअर करणाऱ्या समूहाच्या कार्यकर्त्यांकडे आहे. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी शंभरावर लहान खेळ त्यात आहेत. प्रत्येकावर तारे छापलेले असतात : साधे तारे दोन ते सहा वर्षांसाठी, वेगळ्या आकाराचे तारे त्यापुढच्या मुलांसाठी. सेटिंगमध्ये एका साध्या ताऱ्याच्या वरचे सगळे लपवता येते आणि ते लपवावेच, नाहीतर बुद्धिबळापासून सगळेच पुढ्यात येते.

एका ताऱ्याचा एक खेळ असा आहे की पडदा चौकोनांनी झाकलेला असतो आणि माउस वरून फिरवला की चौकोन पुसले जाऊन खालचे चित्र दिसते. बटण दाबायचे नाही, फक्त फिरवायचे. माउस शिकवण्यासाठी यापेक्षा चांगला पाठ मला सुचला नसता. माझा माउस तिच्या तळव्याला फार मोठा होत होता, म्हणून प्रवासात लॅपटॉपसोबत वापरतात तो लहान माउस डिचोलीहून आणला, ३०० रुपये. वायरचाच घ्यावा, बिनवायरचा असता तर सोफ्याखाली गेला असता.

३ ऑगस्ट

टक्स पेंट. अमेरिकेतील बिल केंड्रिक यांनी २००२ मध्ये हा चित्रकलेचा कार्यक्रम सुरू केला; तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आणि पूर्ण मोफत. याला व्हिडिओ गेम म्हणावे का यावर पुतण्याने वाद घातला. नात त्याला खेळच म्हणते, आणि निवड तिच्यासाठी चालली आहे.

भाषांच्या यादीत मराठी आहे, आणि कोकणी तर देवनागरी व रोमी अशा दोन्ही लिप्यांत आहे. गोव्यातल्या घरासाठी ही सोय लहान नाही, जरी वाचता न येणाऱ्या मुलीला तिचा उपयोग आज नसला तरी.

सोबत येणाऱ्या मांडणीच्या कार्यक्रमातून पुढील गोष्टी बदलल्या, आणि त्या पहिल्याच दिवशी बदलाव्यात : पडदा पूर्ण, बाहेर पडण्याचे बटण बंद, छपाई बंद, माउसच्या सर्व बटणांचे काम एकच, आकार फिरवण्याची पायरी वगळलेली, म्हणजे वर्तुळ काढले की झाले. छपाई बंद करण्याआधी तिने एकाच काळ्या चित्राच्या बऱ्याच प्रती काढल्या आणि शाईची बाटली तळाला गेली.

चित्र झाले की ती स्वतःच “झाले” म्हणते. आपण काही सांगावे लागत नाही.

१० ऑगस्ट

टक्स पेंटमध्ये ठसे असतात : प्राणी, फळे, वाहने. निवडल्यावर त्याचे नाव ऐकू येते आणि टिचकी मारली की चित्र कागदावर उमटते. आपले स्वतःचे ठसे घालण्याची सोय आहे हे पुतण्याने शोधून काढले. चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली असल्याने माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांचे, ठसे करायचे ठरले : नारळ, सुपारीचा घोस, तवसे, चिबूड, तोरिंग, कांगलां. बाजारात जे आले त्याचे फोटो पांढऱ्या चादरीवर ठेवून काढले. जे आले नाही त्याची चित्रे मी रंगवली.

पहिल्या दिवशी एकही ठसा चालला नाही. कारणे क्रमाने लिहितो.

फोटो कॅमेऱ्यातून आले तसे घातले होते, ते इतके मोठे होते की जुना लॅपटॉप अडकून बसला. लांबी-रुंदी काही शे बिंदूंवर आणल्यावर चालले. नंतर ठसा उमटला, पण चिबडाभोवती चादरीचा पांढरा चौकोन घेऊन. पार्श्वभूमी पांढरी असून भागत नाही, ती पारदर्शक हवी, आणि त्यासाठी फाइल पीएनजी प्रकारची हवी. जेपीजी फाइलीत पारदर्शकता टिकतच नाही. चादर पुसून काढण्यात पूर्ण संध्याकाळ गेली. कांगलांचे काठ कापणे मला जमले नाही, ते पुतण्याने केले.

१७ ऑगस्ट

नावे आणि आवाज. प्रत्येक चित्रासोबत एक मजकुराची फाइल आणि एक आवाजाची फाइल ठेवता येते, पण तिन्हींचे मूळ नाव अक्षरशः एकच असावे लागते. एका ठिकाणी मोठे अक्षर आणि दुसऱ्या ठिकाणी लहान पडले तरी काहींची जोडी जुळली नाही. मजकुराच्या फाइलीत पहिली ओळ इंग्रजी नावाची, खाली भाषेच्या संकेतासह मराठी नाव. ती यूटीएफ-८ पद्धतीने साठवली नाही तर चिबडाच्या जागी चौकटी दिसतात.

आवाज आजीचा. फोनवर ध्वनिमुद्रण केले तेव्हा पहिल्या खेपेस मागे कौलांवरचा पाऊस इतका होता की तवसे कुठले आणि तोरिंग कुठले ते कळेना. गोदरेजचे कपाट उघडून, कपड्यांत तोंड घालून म्हटल्यावर आवाज स्वच्छ आला. हा उपाय आजीचाच.

मुलीने नारळावर टिचकी मारली, आजीचा आवाज ऐकला आणि लॅपटॉपच्या मागे जाऊन पाहिले.

२९ ऑगस्ट

बुधवारी चतुर्थी झाली. घर भरलेले. वास्कोहून आलेल्या भाच्याने निन्टेन्डो स्विच आणला होता. हे यंत्र भारतात अधिकृतपणे विकले जात नाही, बाहेरून मागवणाऱ्या दुकानदारांकडून घ्यावे लागते. आम्ही घेणार नाही, पण आयता आलेला प्रयोग नोंदवतो.

मारिओ कार्ट ८ डिलक्समध्ये अगदी लहान मुलांसाठी दोन सोयी आहेत. एकीमुळे गाडी आपोआप पुढे जात राहते, दुसरीमुळे ती रस्त्याबाहेर जाऊ लागली की आपोआप आत वळते. दोन्ही चालू केल्या की साडेतीन वर्षांची मुलगीही तीन फेऱ्या पूर्ण करते, आणि तीन फेऱ्या झाल्या की शर्यत संपते. माझ्या कसोटीनुसार हा उत्तम खेळ ठरायला हवा होता.

तसा तो ठरला नाही. एका शर्यतीच्या रस्त्यात कुरण लागते आणि तिथे गायी फिरत असतात. नातीला गायींपाशी थांबायचे होते, गाडी थांबेना. “आजो, गाय मागे गेली” हे तिने मला प्रत्येक फेरीला सांगितले. आपोआप पुढे जाण्याची सोय बंद करून दिल्यावर तिने गाडी गायीजवळ नेऊन उभी केली आणि खूश झाली, पण तोवर मोठी भावंडे ओरडू लागली होती, कारण त्यांच्या दृष्टीने ती शर्यत हरत होती. खेळ सोपा करून देणे आणि तो मुलाच्या हाती देणे यांतला फरक इथे दिसला. मोठ्या मुलांबरोबर शर्यतीचे खेळ तिला आणखी काही वर्षे नकोत, असे माझे मत झाले आहे. भाच्याला ते मान्य नाही.

त्याच दुपारी लॅपटॉपवरील माटोळीला मात्र गर्दी झाली. पाच-सहा मुले आणि एक माउस, त्यामुळे भांडण झाले ते वेगळे. प्रत्येकाने एक ठसा उमटवायचा आणि माउस पुढे द्यायचा, या नियमावर ते मिटले.

१४ सप्टेंबर

आजची स्थिती. टॅबलेटवर टोका किचन २, सागो मिनीतील दारांचा खेळ आणि खान अकादमी किड्स. लॅपटॉपवर टक्स पेंट आणि जीकॉम्प्रीतील एका ताऱ्याचे खेळ. एकूण खर्च १,२०० रुपये, छपाईची शाई धरली नाही. खेळांवर खर्च शून्य. वेळ सर्वाधिक गेला तो ठसे कापण्यात आणि जे खेळ पुढे काढून टाकले ते तपासण्यात. दुसरा वेळ वाचवता आला असता, विमान मोड आणि टेकलेला अंगठा या दोन परीक्षा आधी लावल्या असत्या तर.

खान अकादमी किड्स सध्या पडून आहे. बालवाडीत इंग्रजी अक्षरे सुरू झाल्यावर पुन्हा काढू.

व्हिडिओंची मागणी थांबलेली नाही. लेकीच्या घरी शनिवार-रविवारी ते चालूच असतात आणि सोमवारी इथे दोन तास त्याची कुरकुर ऐकावी लागते. त्यावर या कामातून उपाय निघालेला नाही.

पुढचे काम : गायीचा ठसा हवा अशी मागणी आहे, आणि तिच्यावर आजीचा आवाज चालणार नाही, स्वतःचाच हवा. शेजाऱ्यांची गाय पांढरी असल्याने पांढऱ्या चादरीची युक्ती इथे उपयोगाची नाही; ऊन पडले की तिचा फोटो हिरव्या कुंपणापुढे घ्यायचा आहे.